खंडेनवमीचं रबर

व्यंकटराव सरांच्या हॉलमध्ये टेबल टेनिसच्या बॅटला नवं रबर वर्षातून एकदाच लागायचं, खंडेनवमीला. मधेच कुणाचं रबर कडेनं उकललं, झिजून गुळगुळीत झालं, तरी सरांचं उत्तर ठरलेलं, "नवमीला बघू." नवमीच्या सकाळी पोरांनी आपापल्या बॅटी सरांच्या स्वाधीन करायच्या. सर आतल्या खोलीचं दार लावून घेणार, जुनी रबरं सोलणार, नवी चिकटवणार, कडा कापणार, आणि संध्याकाळी सगळ्या बॅटी एक नंबरच्या टेबलावर मांडून त्यांची पूजा होणार. मुठींना हळदीकुंकू, भोवती झेंडू, पुढं नारळ. पूजेतल्या शस्त्राला त्या दिवशी हात लावायचा नसतो. दसऱ्याच्या सकाळी सर एकेकाला हाक मारून बॅट हातात देत, वर आपट्याचं पान ठेवत, आणि वर्षभर आपण कोणत्या रबरानं खेळायचं हे पोराला तेव्हा कळायचं. कुणी काही विचारत नसे. प्रसादाला साखरफुटाणेच का, पेढा का नाही, असं कोण विचारतं?

शैला पाठक हे तीस वर्षं बघत आली होती. दिवसा क्रांती चौकातल्या बँकेत नोकरी, संध्याकाळी समर्थनगरातल्या या हॉलमध्ये सरांच्या हाताखाली लहान पोरांना शिकवणं. वय त्रेचाळीस, आवाज खणखणीत. मॅडमचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं पोरं म्हणायची. पोरांचं चुकत होतं. शेंड्यावर होता तो वरवरचा, चेंडू पायाखाली फुटला म्हणून ओरडण्यापुरता. खरा राग तिनं इतका आत घडी घालून ठेवला होता की तिचा तिलाच त्याचा पत्ता नव्हता.

अष्टमीच्या संध्याकाळी तो सापडला. सरांच्या टेबलावर दुसऱ्या दिवशीची यादी पडली होती. कोणाच्या बॅटला कोणतं रबर, सरांच्या ठसठशीत अक्षरात. शैला चेंडूंचा डबा शोधायला आत गेली आणि तिची नजर सातव्या ओळीवर पडली. 'सोनिया कडुबा, बॅकहँड, लांब दाणे.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोनिया बारा वर्षांची. घर मूळचं पिशोरचं, आता बजाजनगरात. बाप कडुबा वाळूजच्या कंपनीत कामाला. नाव कडुबा, पण माणूस इतका गोड की पोरीला आणायला आला तरी चप्पल दाराबाहेर काढून हॉलमध्ये यायचा, देवळात आल्यासारखा. आणि या पोरीकडे एक गोष्ट होती जी शैलानं तिला शिकवली नव्हती, सरांनीही नाही. तिचा बॅकहँड. डाव्या अंगाला आलेला चेंडू ती कोपर जरा पुढं काढून, मनगट आत वळवून असा काही घासायची की चेंडू जाळ्यावरून उंच जायचा, पलीकडे टेबलावर पडायचा आणि पडल्यावर पळायचा. दहातले पाच बाहेर जात, दोन जाळ्यात. उरलेले तीन बघितले की शैलाला पोटातून बरं वाटायचं.

आणि आता तिथं दाणे लागणार. लांब दाण्यांच्या रबराची गंमत अशी की त्यात आपल्याला काही करावं लागत नाही. वरच्या बाजूला मऊ, उंच दाण्यांच्या रांगा असतात. समोरच्यानं चेंडूला दिलेली फिरकी त्या दाण्यांवरून उलटी होऊन त्याच्याचकडे परत जाते. लहान वयात समोरच्याला हे गणित सुटत नाही, तो चेंडू जाळ्यात घालतो किंवा छताला धाडतो. आपण बॅट धरून उभं राहायचं. पदकं पटापट येतात. पण मारणं संपतं, कारण त्या रबरानं चेंडू घासून मारताच येत नाही.

शैला यादी घेऊन तशीच बाहेर आली. सर जाळी गुंडाळत होते. सत्तरीचे, ताठ, पांढरी ट्रॅक पँट, गळ्यात शिट्टी.

"सर, सोनियाला दाणे?"

"हो."

"तिचा बॅकहँड बघितलाय ना तुम्ही?"

"बघितलाय म्हणूनच. दहातले सात घालवते. दिवाळीनंतर जिल्ह्याची निवड आहे, शैला. दाण्यानं ही पोरगी निवडीत पहिल्या दोनांत येते. पुढच्या वर्षी राज्याला जाते. बापाला सर्टिफिकेट मिळतं, दहावीला मार्क मिळतात, पुढं नोकरीला कोटा मिळतो. कंपनीत घासणाऱ्या माणसाची पोरगी आहे, तिला तुझ्या त्या सुंदर बॅकहँडचं लोणचं घालायचंय का?"

"दोन वर्षं द्या तिला. ते सातातले चार आत येतील."

"दोन वर्षं कोण देतं?" सरांनी जाळी पिशवीत कोंबली. "तुला मी दोन वर्षं दिली असती तर तुझं काय झालं असतं? तेरा वर्षांची होतीस. दाणे लावले, वर्षात राज्याचं रौप्य आणलंस. बँकेत खेळाडू म्हणून घेतलं ते त्याच कागदावर. आज खुर्चीत बसतेस ना? मग?"

यावर शैलाचं तोंड नेहमी बंद व्हायचं. आजही झालं. खाल्ल्या मिठाला जागावं, हे तिला घरातून शिकवलेलं. सरांनी तिला घडवलं हे खरं होतं, नोकरी मिळाली हे खरं होतं, आणि दर नवमीला सर सगळ्यात पहिलं रबर तिच्या जुन्या बॅटला लावायचे हेही खरं होतं. त्या बॅटनं आता कुणी खेळत नसे. पण राज्याचं पहिलं पदक आणणारी बॅट म्हणून दर वर्षी तिला दाण्यांचं कोरं रबर लागायचं, आणि पूजेत मधोमध जागा. शैलाच तिला कुंकू लावायची. लोक म्हणायचे, गुरू असावा तर असा.

पण तेरा वर्षांच्या शैलालाही एक बॅकहँड होता. तो कुणालाच आठवत नव्हता. तेव्हाच्या दसऱ्याला सरांनी बॅट हातात दिली, रबर चिकटवायला वापरलेल्या सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनचा वास तिला अजून येत होता, तिनं बॅट उलटी केली आणि अंगठा दाण्यांवरून फिरवला. मग चार वर्षं ती जिंकत होती. सतराव्या वर्षी पुण्याच्या एका पोरीनं तिच्या बॅकहँडला नुसते मेलेले, बिनफिरकीचे चेंडू टाकले. उलटं करायला फिरकीच नाही म्हटल्यावर दाणे काय करणार? सगळे गेम सरळ हरली. त्यानंतर हे गणित सगळ्यांनाच कळलं, आणि शैलाकडे दुसरं काही नव्हतं. अठराव्या वर्षी तिनं स्पर्धा सोडल्या. सर म्हणाले, "असू दे, आता अभ्यासाकडे बघ."

त्या रात्री घरी तिनं भाजी करपवली आणि कुणी काही बोलायच्या आत सगळ्यांवर ओरडली.

नवमीला सकाळी ती बँकेतून सुटी काढून हॉलवर गेली. पर्समध्ये एक रबर होतं, तिनं स्वतः मागवलेलं. सोनियासाठी. गुळगुळीत, मध्यम जाडीच्या स्पंजचं. फार वेगवान नाही, कारण वेगवान रबरावर शिकाऊ हात घाबरतो आणि चेंडू घासायच्या ऐवजी नुसता ढकलतो. फार चिकटही नाही. चेंडू रबरात जरासा रुतावा, हाताला कळावं, मग सुटावा, असं. यादी दिसायच्या आधीपासून, तीन आठवडे, ती या एका रबरासाठी डोकं खाजवत होती. सरांना दाखवू, पटवू, असं तिनं ठरवलं होतं. पण आतल्या खोलीचं दार बंद होतं.

"सर, दोन मिनिटं."

"मुहूर्त चालू आहे. झेंडू निवड तोवर."

तिनं झेंडू निवडले. निवडले कसले, देठं मोडली. संध्याकाळी बॅटी मांडल्या गेल्या, सोनियाची तिसऱ्या ओळीत, दाण्यांची बाजू खाली करून. शैलानं मुठींना हळदीकुंकू लावलं, आपल्या जुन्या बॅटलाही लावलं, आणि नारळ फुटताना सगळ्यांबरोबर हात जोडले. पूजेतल्या बॅटला हात कसा लावायचा? एवढी हिंमत तिच्यात नव्हती, आणि नाही याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

दसऱ्याला सकाळी हॉल भरला. नवे कपडे, आपट्याच्या पानांच्या जुड्या. इथलं आटोपून कर्णपुऱ्याच्या यात्रेला जायचं म्हणून लहान पोरं उतावीळ झालेली. कडुबा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला टेकून उभा होता. सोनियाची बॅट त्यानंच पुण्याहून आणली होती, कंपनीच्या कामाला गेला तेव्हा, आणि परतीच्या बसमध्ये पूर्ण वेळ मांडीवर धरून बसला होता. ही गोष्ट त्यानं हॉलमध्ये प्रत्येकाला एकदा तरी सांगितलेली.

"सोनिया!"

ती आली, सरांच्या पाया पडली, बॅट घेतली, उलटी केली. मग तिचा अंगठा दाण्यांवरून फिरला. शैलानं तो अंगठा बघितला.

"सर, ह्ये काय?"

"तुझं शस्त्र. जा, खेळून बघ. ऋतुराज, चेंडू दे तिला."

ऋतुराज हा हॉलमधला थोरला मुलगा, चौदा वर्षांचा. त्यानं दोन नंबरच्या टेबलावरून तिच्या डाव्या अंगाला चेंडू टाकला. सोनियानं कोपर पुढं काढलं, मनगट वळवलं, घासलं. चेंडू बॅटवरून निसटून जाळ्याच्या तळाशी गेला. दुसरा तसाच. तिसरा तिच्याच पायाशी. चौथ्यानंतर तिनं काय करावं? तिनं बॅट नव्या फ्रॉकला पुसली. रबराला काहीतरी लागलंय, पुसलं की जाईल, असं तिला वाटलं. तिनं परत पुसली, जोरानं, आणि मग बापाकडे बघितलं. कडुबा हसून मान हलवत होता, खेळ खेळ म्हणून.

शैला कधी चालायला लागली ते तिला कळलं नाही. तिनं सोनियाच्या हातातून बॅट घेतली, दाण्यांच्या रबराची कड नखात धरली आणि खस्सकन ओढली. हॉलमधल्या सगळ्यांना तो आवाज ऐकू गेला.

"शैला! पूजेची बॅट आहे ती!" सर गरजले.

"पूजेची? कुणाची पूजा? पोरीचा हात कापून देवापुढं ठेवता आणि पूजा म्हणता?" तिचा आवाज चिरकला आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "बंद दाराआड बसून ठरवता. कोण मारणार, कोण नुसतं बॅट धरून उभं राहणार. वर पान ठेवता म्हणजे कुणी ब्र काढू नये. तीस वर्षं मी गप्प बसले, सर. तुम्ही माझ्या बॅटला दर वर्षी नवं रबर लावता आणि मी तिला कुंकू लावते! स्वतःच्याच श्राद्धाला मी दर वर्षी पाट मांडते, आणि लोक माझं कौतुक करतात!"

सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. शैलानं पर्स उघडली, ते गुळगुळीत रबर काढलं आणि सोनियापुढं धरलं.

"हे घे. हे लावायचं तुझ्या बॅटला. मी आणलंय."

सोनिया रबराकडे बघत नव्हती. ती शैलाच्या दुसऱ्या हातातल्या बॅटकडे बघत होती.

"मॅडम, लाकूड निघालं."

शैलानं खाली बघितलं. रात्रभर मुरलेला डिंक आणि तिचा झटका. रबराबरोबर लाकडाचा बोटभर पापुद्रा निघून आला होता. बॅटच्या कडेला पांढुरकी जखम दिसत होती.

"माझ्या पप्पांनी पुण्याहून आणली ती," सोनिया म्हणाली. ती रडत नव्हती. ती रागावली होती, बारा वर्षांचं माणूस रागावतं तितकी, म्हणजे पुरी. "सरांनी न विचारता लावलं. तुमी न विचारता काढलं. आन् आता ह्ये लाव म्हंता. बॅट कुनाची हाय, मॅडम?"

"सोने," कडुबा कळवळून म्हणाला, "मोठ्या मान्साशी असं बोलत्यात व्हय?"

"मंग मोठ्या मान्सांनी असं करत्यात व्हय?"

शैलाला चपराक बसली. तीन आठवडे तिनं रबर निवडलं होतं. स्पंजची जाडी, वेग, चिकटपणा, सगळ्याचा विचार केला होता. आणि तीन आठवड्यांत सोनियाला एकदाही विचारलं नव्हतं. सरांना पटवायचं होतं, पोरीला नाही. दार तिनंही लावून घेतलं होतं की. इतका वेळ समोर सरांवर धावून गेलेला राग वळला आणि तिच्याच अंगावर आला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. भरल्या हॉलमध्ये हे म्हणताना तिचे कान तापले. "काय लावायचं तुला?"

"म्हाइत नाय," सोनिया म्हणाली. "मला बघायचंय. दानं म्हंजी काय ते मला कुनी दाखिवलंच नाय." तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आपलं जुनं रबर काढलं, काल सरांनी सोलून परत दिलेलं, आणि टेबलावर ठेवलं. "मी माझं जुनं लावते. तुमी दान्याच्या बॅटनं खेळा माझ्यासंगं. अकराचा एक गेम. मंग सांगते."

सर इतका वेळ ओठ आवळून उभे होते. आता ते हसले. पूजेच्या टेबलाकडे गेले, मधोमध ठेवलेली शैलाची जुनी बॅट उचलली, तिच्यावरचं झेंडूचं फूल काढलं. "घे. पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे. बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल. होऊन जाऊ दे." मघाशीच 'पूजेची बॅट' म्हणून आपण गरजलो, हे त्यांना या वेळी आठवलं नाही.

सोनियानं स्वतः डिंक लावला, वाळू दिला, रबर बसवलं. वाकडं बसलं. एका कोपऱ्यात फुगा राहिला. शैलाचे हात शिवशिवत होते, पण तिनं ते पाठीमागं बांधून ठेवले.

खेळ सुरू झाला. शैला पंचवीस वर्षं सामना खेळली नव्हती, पोरांना चेंडू टाकायची तेवढंच. पण हाताला सगळं आठवत होतं. बॅकहँडला आलेला चेंडू, बॅट उभी धरायची, बस. सोनियानं फिरकी घालून मारलेला चेंडू उलटा होऊन तिच्याकडे गेला आणि जाळ्यात अडकला. एक-शून्य. पुढचा उंच उडाला. दोन-शून्य. सोनिया डोळे बारीक करून बघत होती. एक पॉइंट तिनं फोरहँडनं काढला, मग अजून एक. पण चेंडू डाव्या अंगाला गेला की शैलाचाच पॉइंट.

पाच-दोन असताना शैलाच्या मनात आलं, हरावं. दोनचार चेंडू बाहेर घालवले तर कुणाला कळणार आहे? कळलं तर सरांना कळेल. पोरीला वाटेल दाणे हरतात, ती गुळगुळीत रबर ठेवील, सगळं मनासारखं होईल. पुढचा चेंडू आला तेव्हा तिचं मनगट खरंच सैल पडलं होतं. आणि मग तिला स्वतःचीच किळस आली. म्हणजे परत आपणच ठरवायचं, आणि वर पोरीला भासवायचं की तिनं ठरवलं! सरांनी निदान सोंग तरी घेतलं नव्हतं. तिनं बॅट घट्ट धरली आणि दात खाऊन खेळली. प्रत्येक चेंडू परत केला, एकही सोडला नाही.

नऊ-तीनवर सोनियानं काहीतरी वेगळं केलं. ती थांबली, चेंडू जरा खाली येऊ दिला, कोपर पुढं काढलं आणि खालून वर असा घासला की तो जाळ्यावरून वळून शैलाच्या कोपऱ्यात पडला आणि तिची बॅट पोचायच्या आत भिंतीला लागला. ऋतुराजच्या तोंडून आपसूक शिट्टी निघाली. बस, तेवढा एकच. अकरा-चार, शैला जिंकली.

"बघितलंस?" सर सोनियाला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खुन्नस नव्हती, हेच वाईट होतं. त्यांना मनापासून पटलेलं होतं. "त्रेचाळीस वर्षांची बाई, सरावाचं नाव नाही, आणि अकरा-चार. हे दाणे आहेत, पोरी."

कडुबानंही मान डोलावली. त्याला समोर आकडा दिसत होता. शैला घामानं भिजून उभी होती. जिंकल्याची इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोनिया टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं आपली बॅट शैलापुढं धरली. "आता तुमी माझ्यावानी मारून दाखवा. साध्या रबरानं. बॅकहँड."

"कशाला?"

"बघायचंय."

शैलानं बॅट घेतली. ऋतुराजनं चेंडू टाकला. तिनं कोपर पुढं काढलं, मनगट वळवलं. चेंडू टेबलाबाहेर गेला. दुसरा जाळ्यात. तिसरा बॅटच्या कडेला लागून बाजूच्या खुर्चीवर. पोरांना ती हा फटका रोज समजावून सांगायची, कोपर इथं, मनगट तिथं, तोंडपाठ होतं सगळं. पण हात ऐकत नव्हता. चौथा, पाचवा, सहावा. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही.

"नाय येत?" सोनियानं विचारलं.

"नाही."

"कवाच येत नव्हता?"

"येत होता," शैला म्हणाली. "तेरा वर्षांची होईपर्यंत येत होता. तुझ्यासारखाच."

सर पूजेच्या टेबलाशी गेले आणि फुलं सारखी करू लागले. फुलं सारखीच होती. ते बराच वेळ पाठ फिरवून फुलांशी खेळत राहिले.

सोनियानं आपली बॅट परत घेतली. जखमेच्या कडेवरून बोट फिरवलं, फुगा दाबून बघितला. "मी ह्येच ठिवते," ती म्हणाली.

"दिवाळीनंतर हरशील," सर वळून न बघता म्हणाले.

"हारंन की."

"सोने, आन् सर्टिफिकेट?" कडुबानं हळूच विचारलं.

"पप्पा, यील. उशिरा यील. न्हाय आलं तर न्हाय." मग ती शैलाकडे वळली. राग अजून गेला नव्हता, भुवई तशीच चढलेली. "आन् मॅडम, तुमचं ते नवं नको मला. ह्ये झिजलं की बघू. तवा रबर कसं बघायचं ते मला शिकवा. घ्यायचं कंचं ते मी सांगन."

"बरं," शैला म्हणाली.

पोरं आपटा वाटू लागली. लहानग्यांचा कर्णपुऱ्याचा गलका परत सुरू झाला. सरांनी हात पुढं केला. "आण ती बॅट. जागेवर ठेवू दे."

शैलानं आपली जुनी बॅट दिली नाही. ती खुर्चीवर बसली, बॅट मांडीवर घेतली आणि दाण्यांच्या रबराची कड नखानं उचलली. या वेळी झटका दिला नाही. एका कोपऱ्यातून, दमानं, पापुद्रा न उचकटता तिनं ते सोललं. खालचं लाकूड मऊ, पिवळसर निघालं. सोललेलं रबर तिनं सरांच्या पसरलेल्या तळहातावर ठेवलं. आपट्याचं पान ठेवलं नाही आणि पायाही पडली नाही. सर ते रबर हातात धरून उभे राहिले. मिठाचं देणं ती मरेपर्यंत नाकारणार नव्हती, पण त्या हाताची माफी मागायची किंवा त्याला माफ करायची, दोन्ही आज तिला जमणार नव्हतं.

मग तिनं पर्समधलं गुळगुळीत रबर काढलं, डिंक लावला, वाळेपर्यंत थांबली, आपल्या बॅटवर दाबून बसवलं आणि सोनियाच्या पिशवीतली कात्री मागून कडा कापल्या. मुठीवरचं कुंकू तिच्या हाताला लागलं होतं, ते तिनं साडीला पुसलं.

"टाक," ती दोन नंबरच्या टेबलाशी जाऊन म्हणाली.

सोनियानं चेंडू टाकला. शैलानं घासला. तो ट्यूबलाइटला लागला.

"कोपर खाली, मॅडम."

"माहितीये मला!" शैला ओरडली. "टाक दुसरा."